पिवळी कड

वारा बोलू देत नाही, म्हणून बोटं.

समुद्रबांधाच्या अलीकडच्या त्या सपाट रानात दोन माणसं कोबीच्या एकाच ओळीच्या दोन अंगांना उभी राहिली, तरी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचेल याचा नेम नसतो. वारा ते अधल्यामधल्यात उचलतो आणि बांधावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या अंगावर नेऊन टाकतो. म्हणून टेल्झे हार्डर आणि रायमर यांनी फार वर्षांपूर्वी आपसात एक रीत पाडून घेतली होती. ओळीतली झाडं वाकून बघायची, खालची पानं उलटून बघायची, मनाशी आकडा पक्का करायचा आणि सरळ उभं राहायचं. दोघंही उभी राहिली की रायमर मान हलवायचा आणि दोघांचे हात एकदम वर जायचे. आधी एकाने आणि मग दुसऱ्याने असं नाही. आधी दाखवणाऱ्याचा आकडा बघून दुसऱ्याचं बोट हळूच उघडतं किंवा मिटतं, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या सप्टेंबरात, पहिल्याच ढगाळ सकाळी, टेल्झे एका ओळीशी वाकली, सरळ झाली आणि तिने सहा बोटं वर केली. समोर कोणीच नव्हतं. बांधावरच्या एका मेंढीने तेवढी मान वर करून बघितलं.

रायमरला ईस्टरच्या सुमाराला झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आता तो मेल्डॉर्फच्या शुश्रूषागृहात, खिडकीपाशी, चाकांच्या खुर्चीत असे.

काम तसं सांगायला सोपं. मार्नेजवळच्या त्या चाचणीकेंद्रात कोबीचे नवे नवे वाण लावत. मग त्यांच्यावर काळ्या करप्याची बुरशी मुद्दाम फवारत, आणि कुठला वाण किती तग धरतो ते शरद ऋतूत बघत. पान अगदी स्वच्छ असेल तर एक. पान म्हणून काही उरलंच नसेल तर नऊ. मधले सगळे आकडे डोळ्याचे. पानाचा कितवा हिस्सा डागाने खाल्ला हे डोळ्याने जोखायचं, आणि ते भलतं फसवं असतं. हिरव्यागार पानावर चार काळे ठिपके दिसले की नवखा माणूस हबकतो आणि पान निम्मं गेलं म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात विसावा हिस्साही गेलेला नसतो. ऊन असलं तर उलट होतं. पानावरची मेणाची साय चमकते आणि डाग लपतात. म्हणून टेल्झेला आभाळ भरलेलं आवडायचं. सगळं गाव हवेच्या नावाने बोटं मोडत असायचं, आणि ही सायकलवर टांग टाकून खुशीत निघालेली असायची.

डोळा चुकतो म्हणून दोन डोळे, म्हणजे दोन माणसं. दोघांच्या आकड्यांत एकाचा फरक पडला तर चालतो, दोन्ही आकडे टिपायचे आणि पुढे जायचं. दोनाचा पडला तर परत वाकायचं. पहिली काही वर्षं टेल्झेचा आणि रायमरचा एकाचा फरक पडे. रायमर एक खांदा उडवायचा, ओठांनीच म्हणायचा, "चालतो," आणि पुढच्या ओळीकडे वळायचा. मग तोही पडेनासा झाला. सहा म्हणजे सहा, चार म्हणजे चार. केंद्रातले लोक थट्टा करायचे, की या दोघांना पगार एकच द्या, डोळा एकच आहे.

टेल्झेला त्या थट्टेचा राग कधी आला नाही. तिचं लग्न झालेलं नव्हतं. भाऊ हॅम्बुर्गला, नाताळात फोन करणारा. बांधाखालचं घर आईचं, आई जाऊनही बरीच वर्षं झालेली. घरात तिने काही म्हटलं तर "हो" किंवा "नाही" म्हणणारं कोणी नव्हतं. वर्षातले शरदाचे ते आठवडे तेवढे असे, की तिने काही बघितलं आणि समोरच्या माणसाने तेच, तितकंच बघितलं. रायमरशी तिचं दुसरं काहीच नव्हतं. त्याची बायको फ्राउके, दोन मुली, नातवंडं. रानाबाहेर ती दोघं भेटली तर हवेबद्दल बोलत आणि लवकरच गप्प होत.

*

रायमरच्या जागी इलिंका आली. चाळिशीची, रुमानियाची, रुंद खांद्याची आणि मोठ्या आवाजाची. बारा हंगाम तिने याच पट्ट्यात कोबी कापायला येण्यात घालवले होते. मग इथेच राहिली, केंद्रात लागली आणि डोळा बरा म्हणून तिला पानं जोखायला घेतलं.

पहिल्याच ओळीला टेल्झेने सहा बोटं दाखवली. इलिंकाने चार.

टेल्झे परत वाकली. परत सहा. इलिंका परत वाकली आणि परत चार.

"हार्डरबाई," इलिंका वाऱ्यावर ओरडली, "एवढं कुठं दिसतंय तुम्हाला? आमच्या गावात असलं पान आलं ना, तर आम्ही धुऊन त्यात खिमा गुंडाळतो आणि पाहुण्यांना वाढतो!"

"इथे पाहुणे नाहीत," टेल्झे म्हणाली. "नीट बघ. भाजी घेतल्यासारखं बघू नकोस."

"मी तर भाजीच बघत आले जन्मभर."

दुपारपर्यंत असंच चाललं. बारीकसारीक डागांच्या पानांवर दोघींचं जमे. जिथे डाग जास्त, तिथे टेल्झे वर आणि इलिंका खाली. डबा खायला दोघी छपराखाली बसल्या तेव्हा इलिंकाने खिमा भरलेल्या कोबीच्या वळकट्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"घ्या. करपा नाही त्यावर. आणि असलाच तर शिजला."

टेल्झेने एक घेतली. चांगली झाली होती. तसं तिने सांगितलं नाही.

चार दिवसांनी डॉक्टर लोर्नझेनबाईंनी तिला खोलीत बोलावलं. या वनस्पतींच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, मऊ बोलणाऱ्या, टेबलावर कायम अर्धवट प्यालेला चहा.

"बसा, टेल्झे. सरळच सांगते. तुमचा आणि इलिंकाचा दर तिसऱ्या ओळीला दोनाचा फरक पडतोय. असे आकडे मी पुढे पाठवू शकत नाही."

"ती शिकेल हळूहळू."

"शिकायला हवं ते कोणी, हेच बघायचंय." डॉक्टरबाईंनी चहाचा कप उगाच फिरवला. "नवं यंत्र आलंय. पानाचा फोटो काढतं आणि डाग मोजतं. रानात नेण्यासारखं नाही, पण खरं-खोटं करायला पुरे. पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघी पानं जोखा, मागून यंत्र जोखेल. ज्याचा डोळा यंत्राशी जुळतो त्याने रानात राहायचं."

"आणि ज्याचा जुळत नाही?"

"उगवणखोलीत माणूस हवंच आहे मला. ऊबदार असतं तिथे. पाठीलाही बरं."

उगवणखोली म्हणजे तळघरातली बिनखिडकीची खोली. ओल्या कागदावर बिया मांडायच्या आणि कोंब मोजायचे. तिथे एकाच माणसाचं काम असतं. कोंब फुटलेला असतो किंवा फुटलेला नसतो. त्याला दुसरा डोळा कशाला लागतोय.

टेल्झे उठली. "रायमरला विचारा तुम्ही," ती दारातून म्हणाली. "माझा डोळा कसा आहे ते."



*

रायमरला टेल्झे दर रविवारी विचारतच होती.

शुश्रूषागृहात पहिल्यांदा गेली तेव्हा काय बोलावं ते तिला सुचलं नव्हतं. रायमरलाही बोलता येत नव्हतं, त्यामुळे दोघं हवेकडे बघत बसली होती. दुसऱ्या खेपेला ती पावाच्या डब्यातून तीन पानं घेऊन गेली. एक पान तिने त्याच्या मांडीवर ठेवलं. रायमरने ते डाव्या हाताने उचललं, उजेडाला धरलं, उलटलं. मग त्याने मान हलवली.

टेल्झेला खूण कळली. तिने हात वर केला. रायमरचा एकच हात चालत होता, म्हणून त्याने पंजा उघडला, मिटला आणि एक बोट वर केलं. म्हणजे सहा. तेव्हापासून तीही त्याच्यासारखंच, एका हाताने आणि दोन टप्प्यांत दाखवायची. पाच, मूठ, वर एक. दोन हातांनी दाखवणं तिला बरं वाटेना.

एकही रविवार असा गेला नाही की दोघांचा आकडा चुकला.

"लोक फुलं आणतात," फ्राउके म्हणायची. ती खोलीच्या कोपऱ्यात विणत बसलेली असे. "केक आणतात. आणि ही बया कोबीची सडकी पानं आणते."

"सडकी नाहीत. करपलेली आहेत."

"मोठाच फरक पडला." फ्राउकेने सुया खाली ठेवल्या. "पण वाट बघतो हं तो. रविवारी सकाळपासून दाराकडे डोळे. माझ्या सूपची कधी एवढी वाट बघितली नाही त्याने."

हे ती हसत म्हणाली, पण नंतर बराच वेळ विणकामातून तिने मान वर केली नाही.

परीक्षेच्या आदल्या रविवारी टेल्झे मुद्दाम जास्त डागांची पानं घेऊन गेली, इलिंकाने जिथे चार म्हटलं होतं तसली. रायमरने सहा दाखवले. दुसऱ्याला सात. तिनेही सहा आणि सात. परतताना ती सायकल जोरात हाणत आली, वारा समोरून असूनही. रायमर सहा म्हणतो, मी सहा म्हणते. दोघं म्हणतोय. ती बाई एकटी चार म्हणते आहे.

*

परीक्षा पानं धुण्याच्या छपरात झाली. लांब टेबलावर पानं मांडलेली, प्रत्येकाशी एक चिठ्ठी. टेल्झे एका टोकाने, इलिंका दुसऱ्या टोकाने. मग डॉक्टरबाईंनी एकेक पान काचेखाली सरकवलं.

इलिंका पहिल्यापासून यंत्राच्या आसपास होती, कधी बरोबर, कधी एकाने इकडेतिकडे. टेल्झे हलक्या पानांना बरोबर होती. भारी पानांना सारखी वर. एकाने, दोनाने. कधीही खाली नाही.

"हे बघा," डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. पडद्यावर एक पान होतं. यंत्राने मोजलेले डाग लाल रंगवले होते. "हा हिस्सा. म्हणजे पाच. तुम्ही सात दिलेत."

टेल्झे बघत राहिली. डाग तिच्या ओळखीचे होते, एकात एक कडी असलेले, झाडाच्या बुंध्याच्या कापासारखे. यंत्राने ते काठोकाठ धरले होते. पण प्रत्येक डागाभोवती जी पिवळी कड असते, उजेडात धरलं की मधासारखी दिसते ती, तिला यंत्राने हात लावला नव्हता.

"मग ही कड?" तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"पिवळी? ती मोजत नाहीत."

"कधीपासून?"

"कधीच मोजत नव्हते, टेल्झे." डॉक्टरबाई उठल्या आणि भिंतीवरची जुनी पाटी काढून घेऊन आल्या. पाटीवर पानांची चित्रं होती, एक टक्का डाग, पाच टक्के, दहा, पंचवीस. टेल्झेच्या आधीपासूनची ती पाटी. दर शरदात तिने ती बघितली होती. चित्रं काळ्या शाईची होती, पांढऱ्या कागदावर. त्यांत पिवळं कुठून असणार?

"रायमरही कड मोजायचा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मोजतो," टेल्झे म्हणाली.

डॉक्टरबाई जरा हसल्या, कुत्सितपणे नव्हे. "म्हणजे घरातली दोन घड्याळं एकमेकांवरून लावत राहिलात. चर्चच्या मनोऱ्याकडे कोणी बघितलंच नाही."

"मग इतक्या वर्षांचे आकडे?"

"त्यांना काही झालं नाही. तुम्ही दोघांनी सगळ्यांनाच सारखं जास्त आजारी ठरवलंत. पहिला वाण पहिलाच राहिला, शेवटचा शेवटचाच. म्हणून तर कोणाच्या लक्षात आलं नाही. काळजी करू नका."

धीर द्यायला म्हणून त्या बोलल्या. टेल्झेला मात्र तेच लागलं. चूक झाली त्यापेक्षा, इतकी वर्षं ती चूक असली काय नसली काय, कोणाला काही फरक पडला नाही, हे.

"शुक्रवारी परत बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कड सोडून जोखा. जमलं तर रान तुमचंच. पण पुढेही तसंच जोखावं लागेल, कायम. अर्धं असं, अर्धं तसं नको."

*

ती कड टेल्झेला रायमरने दाखवली होती. तिचं केंद्रातलं तिसरं वर्ष असेल. ओला, धुक्याचा शरद होता. पान उजेडाला धरून तो म्हणाला होता, "हे पिवळं पण धर, पोरी. ते पण आजारीच आहे. त्याला अजून कळलं नाही एवढंच."

टेल्झे तेव्हा तीस वर्षांची होती, पण रायमर तिला पोरीच म्हणायचा आणि पुढेही म्हणत राहिला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बटाटे सोलत होती. खिडकीतला उजेड आईच्या कानशिलावर, डोळ्यांच्या कडांवर पडला होता. टेल्झे दारातच थांबली. तिला ते पिवळं दिसलं. रोज समोर असून दिसलं नव्हतं, त्या दिवशी दिसलं. आई म्हणाली, "अशी काय बघतेस भुतासारखी? दार लाव, वारा येतोय." नाताळपर्यंत आई राहिली नाही. गावातला डॉक्टर म्हणाला होता, बरं झालं वेळेत आणलंत, निदान त्रास तरी कमी झाला.

त्यानंतर पानावरची कड टेल्झेने कधी सोडली नाही. ती मोजावी की नाही, असा प्रश्नच तिच्या मनात कधी उठला नव्हता.

आता ती सोडायची होती. ते चार दिवस ती दुपारच्या उजेडात स्वयंपाकघराच्या टेबलाशी पानं मांडून बसली. काळं तेवढं बघायचं. पिवळं हिरव्यातच धरायचं. बघायला शिकणं तिला सोपं गेलं होतं. न बघायला शिकणं जिवावर आलं. डोळा जाऊन जाऊन कडेवरच बसे, दाताच्या फटीकडे जीभ जावी तसा. मग तिने एक युक्ती केली. पान उजेडाला धरायचंच नाही. टेबलावर सपाट ठेवायचं आणि वरून बघायचं. तसं केलं की कड फिकी पडे.

शुक्रवारी तिचे आकडे यंत्राशी जुळले, इलिंकापेक्षाही चांगले.

"बघा! डोळा उत्तमच आहे तुमचा, मी म्हणतच होते," डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला.

दुपारी ती आणि इलिंका रानात गेल्या. आभाळ भरलेलं होतं, उजेड एकसारखा करडा. पहिल्या ओळीला टेल्झेने पाच दाखवले. इलिंकाने पाच. दुसऱ्या ओळीला दोघींनी चार. इलिंकाने ओरडून हवेत मूठ उडवली, बांधावरच्या मेंढ्या बिचकून पळाल्या.

"जिंकलात ना, हार्डरबाई! मग तोंड असं का, व्हिनेगर प्यायल्यासारखं?"

"काही नाही. पुढची बघ."

पण छपराखाली डबा उघडताना टेल्झेनेच विषय काढला. "ती पिवळी कड," ती म्हणाली. "तुला दिसत नाही का कधी?"

"दिसते की. डोळे आहेत ना मला!"

"दिसते?"

"पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, पाटीवर नाही, कोणी विचारत नाही, आपण कशाला शहाणपण करा?" इलिंकाने वळकटीचा घास घेतला. "आमच्याकडे म्हणतात, आजार आधी सावली पाठवतो, मग स्वतः येतो. तसली आहे ती. पण सावली मोजून पगार मिळत नाही, काय?"

टेल्झेने डब्यातली दुसरी वळकटी घेतली. "चांगली झाली आहे," ती म्हणाली.

"मागची पण चांगलीच होती," इलिंका म्हणाली. "तेव्हा बोलला नाहीत."

*

रविवारी मेल्डॉर्फला जायला निघताना टेल्झे अंगणात उगाच रेंगाळली. सायकलच्या टोपलीत पावाचा डबा होता, डब्यात तीन पानं. एक पान हलकं, एक मधलं, एक भारी. तिला नुसतं हलकंच नेता आलं असतं. हलक्या पानाला कड जवळजवळ नसते, तिथे जुना आणि नवा आकडा एकच येतो. रायमरला कळलंही नसतं. किंवा भारी पानाला तिला सहा दाखवता आले असते. शुश्रूषागृहात कुठलं यंत्र नव्हतं, कुठल्या डॉक्टरबाई नव्हत्या. त्या माणसाचं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. उरलेला तो डोळा तेवढा शाबूत होता, आणि तो चुकीचा आहे हे सांगायला जगात टेल्झेशिवाय कोणी जाणार नव्हतं.

पण पान हातात घेतलं की दोघांनी आपापलंच बघायचं, समोरच्याच्या बोटांकडे बघून बोट उघडायचं नाही, ही रीत त्याचीच होती. ती मोडली तर मग रविवारी त्या खोलीत तिने बसायचं तरी कशाला?

तिने टोपलीतला डबा चाचपला आणि निघाली.

फ्राउके चहा आणायला खाली गेली होती. रायमर खिडकीपाशी होता, अंगावर निळा स्वेटर, केस ओले करून विंचरलेले. तिला बघून त्याचा डावा गाल हलला. टेल्झेने कोट काढला, खुर्ची ओढली आणि भारी पान आधी दिलं. हलक्याने सुरुवात केली असती तर पुढे धीर झाला नसता.

रायमरने पान उजेडाला धरलं. बराच वेळ बघितलं, उलटलं, परत बघितलं. मग त्याने ते मांडीवर ठेवलं आणि मान हलवली.

दोघांचे डावे हात एकदम वर गेले. पाच बोटं. पाच बोटं.

क्षणभर ते दोन पंजे एकमेकांसमोर तसेच राहिले, काचेच्या दोन अंगांना ठेवल्यासारखे. मग रायमरचा पंजा मिटला आणि त्यातून एक बोट वर आलं.

टेल्झेचा पंजा उघडाच राहिला.

रायमर थांबला. त्याला वाटलं ती मागे राहिली. त्याने आपलं एक बोट जरा हलवलं, चल, चल, म्हणाल्यासारखं. टेल्झेने मान हलवली, नाही म्हणून. पंजा तिने खाली घेतला नाही.

त्याने पान उचललं, तिच्या तोंडासमोर उजेडाला धरलं आणि अंगठ्याच्या नखाने पिवळ्या कडेवरून रेघ ओढली. एका डागाभोवती, मग दुसऱ्या. तिच्याकडे बघितलं. त्याच्या घशातून आवाज आला, शब्द नसलेला, पण त्याला पोरी म्हणायचं होतं असं तिला वाटलं.

"दिसते रे मला," ती म्हणाली. "अजून दिसते. पण आता धरत नाही मी ती. धरायची नसते, रायमर. कधीच नव्हती."

खिडकीबाहेर वारा होता. आत तिचं बोलणं पुरतं ऐकू गेलं. खोलीत असं स्वच्छ ऐकू गेलेलं बोलणं तिला मोठं आणि उघडं वाटलं.

रायमर पानाकडे बघत राहिला. दारात फ्राउके चहाचा ट्रे घेऊन उभी होती. रायमरने पान मांडीवर ठेवलं, तळहाताने सरळ केलं, त्याचा दुमडलेला कान उलगडला. त्याच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती तीही हलली नाही. टेल्झेला वाटलं, संपलं. आता हा दाराकडे डोळे लावून बसणार नाही, आणि मला रविवारी कुठे जायला उरणार नाही.

मग त्याने डावा खांदा उडवला. एकच खांदा, जसा तो रानात उडवायचा, पहिल्या वर्षांत. त्याचे ओठ वाकडे हलले. आवाज काही आला नाही, पण वाऱ्यात त्या ओठांवरचं इतक्यांदा वाचलेलं होतं की तिला आवाजाची गरज नव्हती.

चालतो.

आणि त्याने पुढच्या पानासाठी हात पुढे केला.

टेल्झेने डबा उघडला. मधलं पान काढलं, त्यावरचं पाणी बाहीला पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.